आधी वाचू, मग वाढू

वाचनालयात पाकपुस्तकांची फळी शोधायला फार हिंडावे लागत नाही. ड्युईची दशांश पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयात ती 641.5 या क्रमांकाखाली असते. जिथे पद्धत नावापुरतीच आहे तिथे ‘महिलांसाठी’ अशी पाटी बघावी. भरतकाम, बाळंतिणीची काळजी आणि रांगोळीचे नमुने यांच्या शेजारी हमखास सापडते. फळी बहुतेक वेळा अर्धी रिकामी असते, कारण पुस्तके बाहेर गेलेली असतात. श्रावण लागला की उपासाचे आणि सणावारांचे काही जागेवर मिळत नाही, दिवाळीआधी तर नावे लिहून ठेवावी लागतात. परत येणाऱ्या प्रतींची अवस्था देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यांना विचारावी. चकलीच्या पानावर तेलाचा ठिपका, लोणच्याच्या पानाला हळद, शंकरपाळ्यांपाशी दुमडलेला कोपरा, आणि अनारशांच्या समासात पेन्सिलीने ‘गूळ एवढा नको’. त्याखाली दुसऱ्याच हस्ताक्षरात ‘बरोबर’. नियमाप्रमाणे या सगळ्याला दंड आहे. तो कुणी वसूल केल्याचे मी पाहिलेले नाही, आणि करूही नये.

इतकी हाताळली जाणारी ही पुस्तके, पण त्यांच्यावर वाचनालयात चार माणसे बसून बोलली असे क्वचितच घडते. कवीला बोलावतात, प्रवासवर्णनकाराला बोलावतात, किल्ल्यांवर लिहिणाऱ्याला तर दरवर्षी बोलावतात. पाकपुस्तक लिहिणारीला बोलावणे जाते ते पाककृती स्पर्धेची परीक्षक म्हणून. नाहीतर प्रात्यक्षिकासाठी. शाल-श्रीफळ ठरलेले, आणि फोनवर शेवटी लाडिक आवाजात, ‘ताई, दोन पदार्थ करून दाखवाल ना? सोपेच.’ सामान त्यांनीच आणायचे हे गृहीत धरलेले असते. मानधनाचा विषय निघत नाही, कारण ‘तुम्हाला आवडच आहे ना’. कादंबरीकाराला आपण येताना कागदाचे रीम घेऊन या आणि स्टेजवर एक प्रकरण लिहून दाखवा असे म्हणत नाही. पाकपुस्तक हेही पुस्तकच आहे, कुणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहून तयार केलेले, ही साधी गोष्ट प्रात्यक्षिकाच्या फोडणीत उडून जाते.

प्रस्तुत पुस्तक त्या सवयीच्या विरोधात उभे आहे, म्हणून मी त्याची प्रस्तावना आनंदाने लिहितो आहे. तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय, त्याची वरच्या मजल्यावरची अभ्यासिका, दर महिन्याच्या एका रविवारी सतरंजीवर बसलेली तीसेक माणसे, आणि मधोमध एक पाकपुस्तक. कधी लेखिका स्वतः आलेली, कधी लेखक हयात नाही म्हणून गावातल्याच कुणी पुस्तक वाचून बोलायचे. या बैठकांची शब्दांकने पुढे आहेत. ठरवलेला नियम एकच होता: आधी वाचायचे, मग वाढायचे. पाककृती मोठ्याने, सावकाश, कविता वाचावी तशी वाचायची. त्यावर पाऊण तास बोलायचे. खाण्याचे डबे तोवर जिन्याखाली. नियम मोडायचे प्रयत्न झाले, विशेषतः कडबोळ्यांच्या दिवशी. पण तो टिकला, आणि त्यामुळेच या पुस्तकात वाचण्यासारखे काही जमले.

पाककृती मोठ्याने वाचली की काय होते, हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय पटत नाही. डोळ्यांनी वाचताना आपण साहित्याची यादी झरझर उतरतो आणि ‘कृती’कडे धावतो. कानाने ऐकताना प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागते. ‘खोबरे पाट्यावर बारीक वाटून घ्यावे.’ पाच शब्द. बैठकीत हे वाक्य वाचले गेले तेव्हा मागे बसलेल्या एक आजी पटकन म्हणाल्या, ‘कुणी?’ हशा झाला, पण प्रश्न खरा होता. त्या पाच शब्दांत अर्ध्या तासाचे काम, दुखणारे खांदे आणि बहुतेक वेळा घरातली सर्वांत धाकटी सून दडलेली आहे. पुढे मिक्सर आला आणि हेच वाक्य खऱ्या अर्थाने पाच शब्दांचे झाले. त्यामुळे जुन्या पाककृतीला किती वेळ लागेल, हे तिच्या लांबीवरून कधी ठरवू नये.

मापांवरून झालेला वाद या संग्रहातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. त्या दिवशी पाहुण्या लेखिका रवा-नारळाच्या लाडवांवर बोलत होत्या. पुस्तकात प्रमाण होते दोन वाट्या रवा, एक नारळ. समोरून एका गृहस्थांनी, हे बँकेतून निवृत्त झालेले आणि बायको गेल्यावर स्वयंपाक शिकलेले, विचारले, ‘काकू, वाटी कुठली?’ लेखिका म्हणाल्या, ‘कुठलीही घ्या हो, सगळं त्याच वाटीनं मोजायचं म्हणजे झालं.’ हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे आणि ते बरोबरही आहे, जोवर सगळे वाटीनेच मोजले जाते तोवर. गृहस्थ सोडायला तयार नव्हते. ‘पण नारळ वाटीनं कुठं मोजलाय? नारळ एकच!’ मग खालून चहाच्या टपरीतून, शेजारच्या घरातून आणि लेखिकेच्या पिशवीतून अशा तीन वाट्या आल्या, औषधाच्या बाटलीच्या मापाने पाणी भरून पाहिले. एकीत 120 मिलिलिटर, दुसरीत 150, तिसरीत 210. म्हणजे एकाच पुस्तकाच्या आज्ञेवरून एका घरात कोरडा, भुसभुशीत लाडू होणार आणि दुसऱ्या घरात ओला, दुसऱ्या दिवशी वास येणारा. लेखिकेने तिथल्या तिथे आपल्या प्रतीवर ‘वाटी = 150 मि.लि., नारळ मध्यम, खवून दीड वाटी’ असे लिहिले. एखाद्या पुस्तकाचे संपादन वाचकांसमक्ष झालेले मी प्रथमच वाचले.

या वादाला इतिहास आहे, आणि तो बैठकीत पुढच्या महिन्यात आपसूक निघाला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 सालचे, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचे. पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराची समृद्धी त्यात आहे. त्या काळची मापे शेर, पावशेर, तोळे. ऐंशी तोळ्यांचा शेर, तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे शेर सुमारे 933 ग्रॅम, असे गणित मांडून आजचा वाचक निर्धास्त होतो. पण वजनी शेर वेगळा आणि मापी शेर वेगळा, आणि मापी शेर गावागणिक बदलणारा. सभेत ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी होते. त्यांनी चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी उतरंड बोटांवर म्हणून दाखवली: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. वर सांगितले की आमच्या पायलीत आणि पलीकडच्या बाजारातल्या पायलीत मूठभर फरक पडायचा, आणि त्या मुठीवरून भांडणे व्हायची. 1956 च्या कायद्याने किलो-लिटर आले, पुढच्या काही वर्षांत बाजारातून शेर गेला. स्वयंपाकघराने मात्र किलो पुरता कधी स्वीकारलाच नाही. त्याने वाटी आणि चमचा धरला.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे यश मी याच संदर्भात पाहतो. 1970 साली किर्लोस्कर प्रकाशनाकडून आलेल्या या पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती गेल्या. लग्न ठरलेल्या मुलीला आणि परदेशी निघालेल्या मुलाला ते द्यायचे अशी रीतच पडली. सांगलीच्या या बाई शाळेत फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे होते ते सासूच्या हाताखाली शिकलेले काम आणि ते दुसऱ्याला समजेल असे सांगण्याची हातोटी. वाटी-चमच्याचे माप त्यांनी बिनदिक्कत वापरले, कारण त्यांचा वाचक कोण आहे हे त्यांना ठाऊक होते: ताजवा नसलेली, आई-सासूपासून लांब, दोन खोल्यांत संसार थाटलेली मुलगी. नोकरीच्या गावी गेलेल्या नव्या कुटुंबांत सांगायला घरात कुणी नव्हते, ती जागा या पुस्तकाने घेतली. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ही याच वाटेने घरोघर गेले. ही पुस्तके ‘नुसती पाकपुस्तके’ म्हणून साहित्याच्या इतिहासाबाहेर ठेवणारे समीक्षक, मला नेहमी वाटते, वेळच्या वेळी जेवलेले असतात.

अशा पुस्तकाच्या बैठकीत काय विचारावे, यावर संपादकांनी केलेले एक टिपण पुढे आहे. वाचनालयांच्या कार्यवाहांनी ते जरूर वाचावे. ‘तुम्हाला स्वयंपाकाची आवड कशी लागली?’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी: पदार्थ कशावर केला होता, चुलीवर, शेगडीवर, स्टोव्हवर की गॅसवर? ‘मंद आच’ म्हणजे त्यातली कुठली? पुस्तकात कुकर पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो? आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले 1959 पासून. तरीही पुढची कित्येक वर्षे बऱ्याच घरांत डाळ पातेल्यातच शिजत होती. आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर डाळीच्या कृतीत ‘शिजेपर्यंत’च्या जागी शिट्ट्या कधी आल्या ते दिसते. हे प्रश्न कोरडे वाटतात, पण प्रत्यक्षात यांनीच माणसे खुलतात. ‘स्टोव्ह’ म्हटल्यावर रॉकेलची रांग निघते, पिन मारणे निघते, आणि बोलायला न येणाऱ्या बायका बोलायला लागतात.

अनारशांची बैठक या दृष्टीने वाचावी. सगळी पुस्तके सांगतात: तांदूळ तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे, मग निथळून फडक्यावर पसरावे, पुरते वाळू न देता कुटून चाळावे, किसलेला गूळ मिसळून गोळा डब्यात ठेवावा. यानंतर प्रत्येक पुस्तक एकच वाक्य लिहिते, की पीठ मुरले म्हणजे अनारसे थापावेत. मुरले हे ओळखायचे कसे, इथे सगळी पुस्तके गप्प. बैठकीला एका बाईंनी दोन डबे आणले होते, एकात दोन दिवसांचे पीठ, एकात आठ दिवसांचे. दोन्ही हातोहात फिरले. पहिले बोटाला खरखरीत, दुसरे मऊ, किंचित सैल, गुळाने सोडलेल्या ओलाव्याने चकाकणारे, आणि वासाला थोडे आंबूस-गोड. मग प्रश्न आला तो सगळ्यांच्या मनातला: तुपात टाकल्यावर अनारसा हसला तर? म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी विरघळून पसरलाच तर? कुणी म्हणाले मूठभर तांदळाची पिठी मिसळा. कुणी म्हणाले गूळ जास्त झालाय, ते पीठ आता खिरीत घाला आणि विसरा. एका मावशींचा उपाय, गोळा फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवण्याचा, मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेला नव्हता. आता या पुस्तकात आहे. समासातल्या ‘गूळ एवढा नको’ला अशी जागा मिळायला हवी होती.

वाचनालय आणि स्वयंपाक यांचे नाते नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत अनेक दशके हस्तलिखितांचा सांभाळ करणारे परशुराम कृष्ण गोडे हे आपल्याकडचे पहिले मोठे अन्न-इतिहासकार म्हणायला हरकत नाही, जरी त्यांनी स्वतःला असे कधी म्हटले नसावे. त्यांचे काम पोथ्यांच्या याद्या करण्याचे आणि ग्रंथांचे काळ ठरवण्याचे. त्या याद्या करता करता त्यांनी पदार्थांचेही काळ ठरवले. जिलेबीवरचा त्यांचा 1943 सालचा लेख बघा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ नवहस्त यांनी लिहिलेल्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात जिलेबी आहे. तिथून मागे जात जात गोडे 1450 च्या सुमाराच्या एका जैन कथाग्रंथापर्यंत पोचले, जिथे एका श्रीमंताच्या पंगतीत ती वाढली जाते. त्यात पदार्थाचे गुणगान नाही, ‘आपली प्राचीन परंपरा’ नाही. कुठल्या पोथीत, पोथी कधीची, आणि शब्दामागचा पदार्थ तोच कशावरून, एवढेच. खाण्यावरचे लेखन इतके शिस्तीचे असू शकते आणि तरी वाचताना तोंडाला पाणी सुटू शकते.

भोजनकुतूहलाच्या लेखकाचा संबंध तंजावरच्या मराठी दरबाराशी होता, आणि तंजावर म्हटले की सरस्वती महाल आलेच. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींच्या ग्रंथप्रेमामुळे वाढलेल्या या ग्रंथालयात त्यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे मराठी हस्तलिखित आहे, आणि ग्रंथालयाने ते छापूनही काढले आहे. म्हणजे मराठी पाककृतींचा एक महत्त्वाचा ऐवज आज तमिळनाडूतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कपाटात सुखरूप आहे. याच गावावरून जिथे तिथे सांगितली जाणारी दुसरी एक गोष्ट आहे: संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल संपले होते म्हणून आमटीत चिंच पडली, आणि त्यांच्या नावावरून ‘सांबार’ झाले. गोष्ट झकास आहे, टाळी हमखास. या पुस्तकातल्या एका बैठकीतही ती सांगितली गेली, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने हात वर करून विचारले, ‘कुठल्या कागदात आहे?’ वक्ते थांबले, पाणी प्यायले, आणि ‘असं म्हणतात’ यावर आले. सभागृहात किंवा हॉटेलात ही गोष्ट खपून जाते. वाचनालयात खपू नये, कारण कागद मागायला याहून योग्य जागा दुसरी नाही.

आता थोडे अवघड प्रकरण. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे त्यात आहे: काय मिळायचे, काय मिळू दिले जायचे नाही, वाट्याला आलेले मांस टिकवण्यासाठी चान्या कशा वाळवायच्या, तेल नसताना काय करायचे. 2024 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आल्यावर शहरी इंग्रजी वाचकांत त्याची बरीच चर्चा झाली. मराठी वाचनालयांत ते आधी नऊ वर्षे उपलब्ध होते, म्हणजे असायला हवे होते. या बैठकांसाठी ते मागवले तेव्हा पहिला प्रश्न ग्रंथपालांना पडला, की याला क्रमांक कुठला द्यायचा. 641.5 दिला तर ‘महिलांसाठी’च्या फळीवर रांगोळीच्या शेजारी जाणार. समाजशास्त्रात टाकले तर त्यातल्या पाककृती कुणी करून बघण्यासाठी म्हणून उघडणार नाही. शेवटी त्यांनी दोन प्रती घेऊन दोन्हीकडे ठेवल्या. अनुदानाच्या नियमात हे बसते की नाही ते मला ठाऊक नाही, पण निर्णय सुज्ञ होता.

बैठक त्याहून कठीण गेली. शब्दांकन वाचताना मधली शांतता कळते. याच पुस्तकाच्या वर्षी, 2015 मध्ये, राज्यात गोवंशहत्याबंदी लागू झाली. पुस्तकातले काही पदार्थ आज करणे कायद्यामुळे अवघड झाले आहे. तेव्हा वाढण्याचा प्रश्नच नव्हता. कुणीतरी सुचवले होते की याच पुस्तकातली एखादी भाजी, भाकरी ठेवू, म्हणजे ‘सगळ्यांना चालेल’. आयोजकांनी ते नाकारले आणि त्या रविवारी पहिल्यांदाच जिन्याखाली डबे नव्हते. नुसते वाचन झाले. एकाने पान वाचले, दुसऱ्याने पुढचे. वाचता वाचता एक शिक्षक थांबले आणि म्हणाले, हे आमच्या घरचे आहे, मी शाळेत कधी डबा उघडा ठेवून खाल्लेला नाही. मला वाटते, या सबंध पुस्तकातली ही बैठक सर्वांत चांगली आहे, आणि तिथे खायला काहीही नव्हते हा योगायोग नाही. चाखून बघणे हा जाणून घेण्याचा एक मार्ग आहे. पण तो सोपा मार्ग आहे, आणि चव आवडली की आपण समजलो असे वाटू लागते. याच विषयावर पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने 2009 मध्ये ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका काढली होती. वर्गातल्या विद्यार्थ्यांनी दलित बायकांशी बोलून अन्नाच्या आठवणी आणि पाककृती गोळा केल्या होत्या. ती मराठी वाचनालयांत का दिसत नाही, हे एक कोडेच आहे.

पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार यावर ज्या प्रदेशात इतकी शतके गेली, तिथे वाचनालयाची सतरंजी ही साधी गोष्ट नाही. रत्नागिरीत 1828 साली, पुण्यात 1848 साली, ठाण्यात 1893 साली, मुंबईत 1898 साली ग्रंथालये निघाली. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर ती खेड्यांपर्यंत गेली. सुरुवातीच्या ग्रंथालयांत तरी सगळ्यांना सारखा प्रवेश होता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आज वर्गणी भरून कुणीही येऊन बसू शकते, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजते हे त्याच्या घरी न जाता, त्याला न दुखावता विचारू शकते. दुसरी अशी जागा गावात मला तरी सुचत नाही. देवळात ती नाही, हॉटेलात पैसे टाकावे लागतात, आणि फोनच्या पडद्यावर पदार्थ दिसतो पण ‘वाटी कुठली’ म्हणून भांडता येत नाही.

ग्रंथपालांच्या भीतीबद्दलही लिहायला हवे, कारण ती खोटी नाही. खाण्याचा कण पडला की मुंगी येते, मुंगीमागून झुरळ, झुरळामागून पाल, आणि उंदीर आला की पुस्तकाच्या पुठ्ठ्याची खळ त्याला लाडवाहून प्रिय. कसर तर आधीपासून असतेच. म्हणून या वाचनालयाने पाळलेल्या व्यवस्था पुढे तपशिलाने दिल्या आहेत: अभ्यासिकेत फक्त वाचन, खाणे अंगणात, ओले, पातळ, तळून लगेच खायचे असे काही नाही, हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात नाही, फोडणी कुठल्याही परिस्थितीत इमारतीत नाही. इंडक्शनवर एकतारी पाक दाखवण्याचा एक प्रयोग झाला, तो अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ताणलेल्या तारेवर सगळ्यांची मान वाकेपर्यंत उत्तम चालला. नंतर फ्यूज गेला आणि अभ्यासिकेतली मुले खाली उतरली. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

याहून मोठे काम पुढे आहे, आणि त्याची नुसती सुरुवात या पुस्तकात आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1900 साली मिस फ्रँक ई. बटॉल्फ नावाच्या बाईंनी हॉटेलांची आणि मेजवान्यांची मेनूकार्डे गोळा करायला घेतली. 1924 पर्यंत त्यांनी सुमारे 25,000 जमवली. त्यावरून आज अभ्यासक सांगतात, कुठले मासे कधी स्वस्त होते आणि केव्हा ते मेनूवरून नाहीसे झाले. आपल्याकडे मेनूकार्डाची परंपरा शहरी हॉटेलांपुरती. पण आपल्याकडे आचाऱ्याची यादी आहे. लग्न ठरले की आचारी वहीच्या पानावर तूरडाळ, बेसन, तेलाचे डबे, गूळ, मिरची, सरपण असे लिहून देतो. यजमान ती घेऊन वाण्याकडे जातो. लग्न झाले की ती यादी केराच्या टोपलीत. पाने किती, जेवणात काय, कुठल्या वर्षी बुंदी गेली आणि गुलाबजाम आले, भाताबरोबर पुलाव कधी सुरू झाला, पनीर कुठल्या तालुक्यात केव्हा पोचले, हे सगळे त्या चतकोर कागदांवर होते. वाचनालयांनी हे कागद मागावेत. एखाद्या खानावळीचे जुने कुपनबुक, संस्थेच्या वसतिगृहाची कोठीवही, देवस्थानाच्या भंडाऱ्याचा हिशेब, काहीही चालेल; मागे वर्ष आणि गावाचे नाव तेवढे लिहून घ्यावे. दाखलखात्यात त्याला क्रमांक कुठला द्यायचा, हे ग्रंथपाल बघून घेतील.

पुस्तकातली शेवटची बैठक अशाच एका आचाऱ्यांबरोबरची आहे. त्यांनी पुस्तक लिहिलेले नाही. त्यांच्या नातवाने जपून ठेवलेल्या याद्या हेच त्यांचे पुस्तक मानून त्यांना बोलावले होते. सुरुवातीला ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते. कुणीतरी विचारले, पाचशे पानांना मठ्ठा किती लागतो? ते म्हणाले, ‘लग्न कुठल्या महिन्यातलं?’ वैशाखातले म्हटल्यावर, ‘वऱ्हाड कशानं येणार, एस्टीनं का ट्रॅक्टरनं?’ ट्रॅक्टरने आलेले वऱ्हाड उन्हातून येते, ते आधी दोन तांबे ताक पिते आणि मग जेवायला कमी बसते. म्हणून मठ्ठा वाढवायचा आणि भात कमी धरायचा. जिलेबीचे गणित वेगळे, ते मुलीकडच्यांच्या ऐपतीवर नसून मुलाकडच्या पोरांच्या वयावर. हे सगळे बोलणे जसेच्या तसे छापले आहे, आणि पाठोपाठ त्यांची एक संपूर्ण यादी, त्यांच्याच लेखनपद्धतीत. त्या यादीत हिंग नाही. छापण्याआधी संपादकांनी मुद्दाम विचारून घेतले, राहून गेला का? ‘राहून कसा जाईल,’ ते म्हणाले, ‘हिंग मी माझा आणतो.’